फक्कीकाका

फक्कीकाका तुमच्या कॉलनीतही असतील. नाव वेगळं असेल, माकडटोपी तीच. सव्वीस जानेवारीच्या पहाटे, नाशिकची थंडी हाडात शिरलेली असताना मैदानावर ओणवा होऊन पांढरी रेघ ओढणारा आणि आपण दिसताच, "आलात? टेपचं ते टोक धरा," म्हणणारा माणूस म्हणजे ते. आमच्या इंदिरानगरातल्या पारंपरिक खेळांच्या कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव 'स्वयंसेवक' म्हणून छापलं होतं. त्याचा अर्थ टेपचं टोक धरणारा, एवढं छापायचं राहिलं होतं.

काका अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. निवृत्त झाले तेव्हा व्हर्निअर कंपनीने ठेवून घेतला, नजर त्यांनी घरी आणली. एकदा कोणीतरी हौसेने चुन्याची गोणी आणली, तर त्यांनी ती तशीच परत पाठवली. "चुन्याने पोरांचे पाय भाजतात. फक्की आणा, फक्की!" मग कोपरे. काटकोन नजरेने येत नाही, त्याला तीन-चार-पाच करावं लागतं. एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकं बरोबर पाच. तिरकं पाच मीटर एक सेंटिमीटर भरलं की पायथागोरसचं काही बिघडत नाही, पण आपल्याला खुंटी उपटून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तोवर पांडवलेण्यांच्या बाजूने वारं सुटतं, निम्मी फक्की आपल्या स्वेटरवर बसते आणि काका वाऱ्याकडे असं बघतात की त्यानेही जरा सरळ रेषेत वाहावं.

खेळात त्यांना काडीचा रस नाही. लंगडीत कोण जिंकलं, लगोरी कोणी लावली, विटी-दांडूच्या मोजणीवरून कोणाचं वाजलं (वकट, लेंड, मूंड, नालपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं, पुढे जो तो आपापल्या गावचं मोजतो), यातलं काही त्यांना दुसऱ्या दिवशीसुद्धा ठाऊक नसतं. पण रेघेवर कोणाचा पाय पडला, तो डावा की उजवा, हे तुम्ही त्यांना दिवाळीत विचारा.

मैदान आखून फक्की उरली की खरा उपद्रव सुरू होतो. पाण्याच्या जारला चौकोन. चपलांना चौकोन. जिलेबीच्या रांगेला दोन समांतर रेघा, त्यात आजोबा-आजी शिस्तीत उभे. एकदा तर अध्यक्षांच्या खुर्चीच्या चार पायांना चार चौकोन काढले होते. उन्हाला कंटाळून अध्यक्षांनी खुर्ची जरा सरकवली. सूत्रसंचालन चालू असतानाच काका आले आणि खुर्ची जागेवर नेऊन ठेवली, अध्यक्षांसकट.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत आपण नेपाळला हरवून जिंकलो आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. काकांच्या हॉलमध्ये आम्ही सगळे उड्या मारत होतो. काका टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे. "मॅट आहे," ते म्हणाले. "रेघा आधीच काढून ठेवलेल्या. ह्याच्यात काय मजा?"

आणि आट्यापाट्या! हे प्रकरण मला अजिबात झेपत नाही. आमच्याकडे आट्यापाट्या कोणी खेळत नाही. पोरांना तो खेळ माहीत नाही, त्यांच्या आईबापांना नाव माहीत आहे. तरी काका दरवर्षी त्याचं पूर्ण मैदान आखतात आणि अर्धीअधिक फक्की त्यातच जाते. नऊ आडव्या पाट्या, प्रत्येक २३ फूट १ इंच. मधोमध त्यांना छेदत जाणारी सूरपाटी, ८९ फूट १ इंच. एकाने विचारलं, "काका, तो एक इंच सोडला तर काय होईल?" काकांनी त्याच्या हातातून टेप काढून घेतली. माणसाला कामावरून काढायची एवढी शांत पद्धत मी कुठल्या ऑफिसात पाहिली नाही. त्याच्या जागी मी आलो.

पाटी आखताना काका काहीतरी पुटपुटतात. मला वाटायचं, मोजत असावेत. यंदा टेपचं टोक धरून त्यांच्या पायाशीच उकिडवा बसलो होतो, तेव्हा ऐकू आलं. पहिली पाटी झाली, "वाणी." दुसरी झाली, "मास्तरांचा धाकटा." तिसरीला "सुतार." सिन्नरकडच्या त्यांच्या गावचा जुना संघ होता तो. कोण कुठल्या पाटीवर उभा राहायचा, त्या क्रमाने. प्रत्येकाच्या नावाबरोबर फक्कीची एक मूठ जास्त पडत होती, ज्या हाताने मला सबंध सकाळभर काटकसर शिकवली त्याच हातातून. नवव्या पाटीला ते कोणाचं नाव घेत नाहीत. नुसतं "हं" म्हणतात आणि कंबर धरून सरळ होतात.

"आता कितीजण आहेत?" मी विचारलं.

"टेप गुंडाळा," ते म्हणाले.

पाहुणे तासभर उशिरा आले. इंदिरानगरात उशिरा येणारा प्रत्येक माणूस बोगद्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो, तसे तेही अडकले होते. तो तास भरून काढायला त्यांची भलीमोठी पांढरी गाडी फाटकातून जी आत शिरली, ती चार पाट्या पुसत सूरपाटीवरून थेट स्टेजजवळ जाऊन थांबली. पाहुण्यांनी माईक हातात घेतला आणि आपले पारंपरिक खेळ कसे नामशेष होत चालले आहेत, याबद्दल कळकळीने बोलायला सुरुवात केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

काका फक्कीचं घमेलं घेऊन गाडीपाशी गेले. चाकाखाली वाकून पाहिलं. मग ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केली.

"गाडी मागे घ्या."

"साहेबांचं भाषण झालं की लगेच निघणार आहोत, काका."

"आत्ता घ्या. तिथं सुतार उभा आहे."

ड्रायव्हरने दोन्ही आरशांत पाहिलं, मान बाहेर काढून मागे पाहिलं, काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप रिव्हर्स टाकला.