बुखारेस्टमधले पिरेनीज

हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये रात्री दारं-खिडक्या लावून, आवाज बारीक करून लोक बंदी असलेल्या स्पॅनिश कम्युनिस्ट पक्षाचा रेडिओ ऐकत. नाव ‘पिरेनाइका’, म्हणजे पिरेनीजवाली. वाटावं, कुणी जिवावर उदार झालेला कॉम्रेड सरहद्दीवरच्या डोंगरात यंत्र लावून बसलाय. प्रत्यक्षात हे केंद्र 1941 साली मॉस्कोत सुरू झालं आणि 1955 मध्ये बुखारेस्टला हललं. डोंगर तेवढा नावात उरला. पुढे तर हुकूमशाहीविरुद्धचा हा आवाज रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूच्या अंगणातून निघू लागला. यजमानाबद्दल पाहुण्याने बोलू नये, एवढी रीत कम्युनिस्टांनाही ठाऊक असते.

1948 मध्ये स्टालिनने स्पॅनिश पक्षाच्या नेत्यांना सल्ला दिला: डोंगरातली गनिमी बंदूक सोडा, फ्रँकोच्याच सरकारी कामगार संघटनांत शिरा. सल्ला बरा होता, हे कबूल करायला हवं. पुढे कामगार कमिट्या उभ्या राहिल्या त्या याच वाटेने. पण सल्ला बरा निघाला की देणाऱ्याला सवय लागते, घेणाऱ्याला त्याहून जास्त.

18 जून 1959 ला पक्षाच्या परदेशातल्या नेतृत्वाने देशव्यापी शांततामय संप पुकारला. देश कामावर गेला. तरी नेत्यांच्या हिशेबात संप यशस्वीच! राजवट आज-उद्या कोसळणारी नाही, स्पेन बदलतोय, असं पक्षाचेच नेते सेम्प्रुन आणि क्लाउदिन सांगू लागले. सेम्प्रुन तर टोपणनावाने माद्रिदमध्ये वर्षानुवर्षं भूमिगत काम केलेला माणूस. दोघांनाही पक्षाबाहेरचा रस्ता दाखवला गेला. देश बघून आलेल्या माणसाचं न ऐकण्याची शिस्त कडक असते.

1968 मध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले. इटलीच्या पक्षाने निषेध केला, स्पेनच्या पक्षानेही केला. मॉस्कोचा हात सुटत गेला, रोमचा धरला गेला. पोक्तपणा आला म्हणायचा, की नुसते मास्तर बदलले?

खरा धडा मात्र कोळशाने दिला. 1970 च्या प्रारंभी स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातले खाणकामगार संपावर होते. फ्रँकोला कोळसा हवा होता, आणि तो जहाजांत भरून पाठवला पोलंडने. कामगारांचं राज्य मिरवणाऱ्या पोलंडने! स्पॅनिश पक्षाने आरडाओरड केली. पण जागतिक कामगार-एकजुटीच्या ठरावांनी भट्टी पेटत नाही, आणि धंदा तर दोन्ही सरकारांना करायचा होता.

फ्रँको गेल्यावर, एप्रिल 1977 मध्ये पक्ष कायदेशीर झाला. जूनच्या निवडणुकीत 350 पैकी 20 जागा मिळाल्या, समाजवाद्यांना 118. जुलैमध्ये पिरेनाइका बंद झाली. एकेकाळी तीच चालवणाऱ्या दोलोरेस इबारुरी 38 वर्षांनी मॉस्कोहून परतल्या होत्या, आणि निवडून आल्या त्या अस्तुरियासमधून. पोलंडचा कोळसा तोवर कधीच जळून गेला होता.