चवथीचा चेक

आमचे आंबे गेले एप्रिलात, पैसे यायचे आहेत चवथीला. बाग घेणाऱ्याने चेक हातावर ठेवला आणि वर म्हणाला, ‘‘काका, तारीख तेवढी बघा हां. चवथीच्या आधी लावू नकात.’’ आंबा आढीत घातला की आठ-दहा दिवसांत पिकतो, चेक पिकायला चार महिने. त्याला कसलं कार्बाइड चालतं, हे कुणी सांगत नाही.

हाच चेक लिस्बनचा असता, तर मी दुसऱ्याच दिवशी बँकेच्या खिडकीवर टाकला असता आणि खात्यात पैसे असते तर घेऊनही आलो असतो. थट्टा नाही. जगातल्या चेकांना एक कायदा हवा म्हणून देशोदेशीचे पंडित १९१० आणि १९१२ साली हेगला बसले. मग महायुद्ध झालं. मग मार्च १९३१ मध्ये जिनिव्हाला एकदाचं ठरलं, की चेक म्हणजे दाखवताक्षणी पैसे. कुणी पुढची तारीख घातलीच, तरी ज्या दिवशी दाखवला त्याच दिवशी द्या! शिवाय चेक दाखवायची मुदतही बांधली. देशातल्या देशात ८ दिवस, एकाच खंडातला असेल तर २०, दुसऱ्या खंडातला असेल तर ७०. म्हणजे चेकने बोटीत बसावं, वाटेत ओकाऱ्या काढाव्यात, दोन बंदरं बघावीत आणि तरी वेळेत पोचावं. आमच्या चेकला बाग घेणाऱ्याच्या खिशातून माझ्या पासबुकात, म्हणजे मालवणातून मालवणात यायला ७० च्या जवळजवळ दुप्पट दिवस लागतात, आणि तो जागचा हललेलाही नसतो.

साहेब या पंगतीला बसला नाही. त्याचा १८८२ चा कायदा त्याला प्यारा, आणि आपल्यासाठी त्याच वळणाचा १८८१ चा, जो अजून चालू आहे. पोर्तुगीजाने १९३४ मध्ये जिनिव्हा मानलं. तेरेखोल नदीपलीकडचा, गोव्यातला राज्यकर्ता तेव्हा जिनिव्हाचा, अलीकडचा लंडनचा, आणि आम्ही चवथीचे. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय चेकचा पुन्हा एक मसुदा झाला आणि फडताळात गेला. त्यावरही पुढची तारीख असणार.

जग एक होऊ दे नाही तर न होऊ दे, देशातल्या देशात तरी? चेक वटला नाही तर तुरुंग दाखवणारं कलम १३८ आपल्याकडे १ एप्रिल १९८९ पासून आहे. (मुहूर्त मी काढलेला नाही.) चेक परत आला की ३० दिवसांत नोटीस, मग त्याला पैसे द्यायला १५ दिवस, मग महिन्याभरात आपण कोर्टात, आणि तिथे काय मिळतं? पुढची तारीख. बरं, कुठलं कोर्ट? ऑगस्ट २०१४ मध्ये निकाल आला, की चेक ज्या बँकेवर काढला, केस तिथे. बाग घेणाऱ्याचं खातं वाशीला. म्हणजे फवारणी आम्ही करायची, माकडं आम्ही हाकायची, थ्रिप्सने मोहोर खाल्ला की कपाळ आम्ही बडवायचं, आणि आपलेच पैसे मागायला रात्रीची गाडी धरून, वकिलाची फी कनवटीला लावून, परमुलखात उभंही आम्हीच राहायचं. ज्याने बुडवले तो रिक्षाने येणार, चहा पिऊन! २०१५ मध्ये कायदा बदलला आणि केस आमच्या बँकेच्या गावात आली. छान झालं. पण मधल्या काळात ज्याने गाडीभाड्याला घाबरून निम्म्यावर तोड केली, त्याचं उरलेलं निम्मं कुठल्या परिषदेत मांडायचं? त्याला कुणी हेगला बोलावलं नाही.

चेक सध्या तांदळाच्या डब्यात आहे. वासावरून अजून हिरवा वाटतो. काल बाग घेणारा येऊन गेला, पडवीत बसला, सोलकढी प्याला.

‘‘काका, चवथीक खर्च जरा जास्ती असता. चेक तुळशीच्या लग्नाक लावा. तीन म्हयने चलता तो, मी बँकेत इचारलंय.’’ उठता उठता म्हणाला, ‘‘आणि फुडच्या वर्साची बाग माकाच देवा हां.’’