खांद्याला नळकांडं, तोंडात मेथडॉलॉजी

काय सांगू, पेडण्यात अन् डिचोलीत पोरांना भलतंच खूळ लागलंय! पूर्वी परीक्षेला निघालेलं पोर देवाला नमस्कार करून, दोन पेनं खिशात टाकून निघायचं. आता ते प्लास्टिकचं लांबलचक नळकांडं खांद्याला अडकवून कदंबाच्या बसमध्ये चढतं आणि अर्ध्या बसच्या डोळ्यांत घालतं. आत म्हणे पोस्टर आहे. सिनेमाचं नव्हे हो, संशोधनाचं! ते भिंतीला लावायचं, शेजारी उभं राहायचं आणि एक्स्टर्नल विचारतील त्याला उत्तरं द्यायची.

शिव शिव! आमच्या वेळी संशोधन कपाटात कुलूपबंद असायचं. कुणी वाचेल ही भीतीच नव्हती.

हे थेर आणलं युरोपातल्या जीवरसायनवाल्यांनी, 1969 साली माद्रिदच्या परिषदेत. 1974 मध्ये ते अमेरिकेत पोचलं. भाषणं ऐकायला वेळ पुरेना, म्हणून संशोधन भिंतीवर टांगलं. आता गोव्यात 2023-24 पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा पदवी अभ्यासक्रम आलाय आणि त्यात चौथ्या वर्षी संशोधनाची सोय आहे. म्हणजे हे खूळ इतक्यात उतरत नाही.

खरी जत्रा भरते आदल्या रात्री, फ्लेक्सवाल्याकडे. त्याच्या मशीनमधून चवथीच्या शुभेच्छा निघतात, पुढाऱ्यांचे वाढदिवस निघतात, त्याच दमात संशोधनही निघतं. मग मागे उगवता सूर्य आणि कोपऱ्यात गोल चौकटीत हसरे गाईड आलेच! 841 बाय 1189 मिलिमीटरचा कागद, त्यात अख्खा रिपोर्ट कोंबलेला. वाचायचा तर परीक्षकानं नाक टेकवावं. आणि तो पाय चार्ट! 'होय' 68 टक्के, 'नाही' 35 टक्के. बेरीज विचारली तर म्हणे, "सर, प्रतिसाद खूप चांगला मिळाला."

बरं, विषयांचा दुष्काळ आहे का? हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, मोरजीच्या वाळूत कासवं अंडी घालतात, मोपाच्या सड्यावर जानेवारी 2023 पासून विमानं उतरताहेत. डिचोलीकडे 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा घराघरातला हिशेब बदलला. आणि आमची रत्नं काय निवडतात? 'सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम'! गूगल फॉर्म वर्गाच्याच ग्रुपवर टाकला की झालं सर्वेक्षण.

पण परीक्षक बेरकी असतात. पोस्टर वाचत बसत नाहीत. "दोन मिनिटांत सांग," म्हणतात आणि मग हळूच, "किती जणांना विचारलंस? तेच का निवडले?" इथे फ्लेक्सवाला कामाला येत नाही. अशा वेळी एखादी मुलगी पांढऱ्या कागदावरच्या साध्या पोस्टरापुढे उभी राहून सांगते, "सर, पुरुमेंताच्या दिवसांत मी मिरची विकणाऱ्या बायकांशी बोलले. निम्म्या जणींनी दर सांगितलाच नाही, म्हणून दराचा आलेख मी काढला नाही." एक्स्टर्नलचं पेन थांबतं. पुढचा प्रश्न तो मार्कांसाठी विचारत नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं. त्या सूर्यबिर्यवाल्या पोस्टरांपुढे हे घडताना कुणी पाहिलंय?

तेव्हा आईबाबांनो, कॉलेजवाले आत सोडत असतील तर पोस्टर बघायला जरूर जा. फक्त लेकरासोबत फोटो काढून स्टेटसला टाकण्याआधी पाय चार्टची बेरीज तेवढी करून घ्या.