जॅक आहे, हँडल येतंय

नवी गाडी आणायला निघालेल्या माणसाला हल्ली कुणी ‘नारळ घेतलास ना?’ असं विचारत नाही. ‘टॉर्च घेतलास ना?’ असं विचारतात. टॉर्च, टायरची हवा मोजायचं मीटर, गाडीखाली आडवं व्हायला एक जुनं पोतं आणि जमल्यास ओळखीतला एखादा मेकॅनिक, ज्याची शोरूममध्ये मामा म्हणून ओळख करून द्यायची. भंगारबाजारातही कुणी एवढ्या तयारीने जात नाही. आपण मात्र एसी शोरूममध्ये चाललोय, बारा-चौदा लाख मोजून, आणि बघायचं काय, तर गाडीत गाडीचे सगळे भाग आहेत की नाहीत!

खरं तर ही तपासणी विक्रेत्याने करायची असते. तिला पीडीआय म्हणतात. तिचा छापील फॉर्म असतो, फॉर्मवर चौकोन असतात, आणि एकेक वस्तू बघून एकेका चौकोनात खूण करायची असते. असा एक फॉर्म मी अगदी जवळून पाहिला. खुणा नव्हत्याच. पहिल्या चौकोनात पेन टेकवून तो थेट तळापर्यंत ओढला होता. मध्ये एके ठिकाणी शाई संपलेली, तर तिथूनच दुसऱ्या पेनाने रेघ पुढे चालू. बॅटरी, ब्रेक ऑइल, वायपर, दुसरी किल्ली, स्टेपनी, जॅक व हँडल, सगळं एका रेघेत आलं. खाली तपासणाऱ्याची सही होती, तीही त्या रेघेचंच शेवटचं वळण वाटावी अशी.

कारखान्यातून गाडी निघते ती ट्रेलरवर, पट्ट्यांनी आवळून. वाटेत मोडू नये, कुणी उपटू नये म्हणून काही वस्तू सुट्या देतात : छपरावरची आखूड अँटेना, व्हील कॅप, पायातली मॅट. टायरांत हवा नेहमीपेक्षा जास्त ठासतात. बॅटरी उतरू नये म्हणून काही गाड्यांचा एखादा फ्यूज उपसून ठेवतात, तर काहींच्या स्प्रिंगांत ठोकळे घालतात. म्हणजे विक्रेत्याला कामं दोनच. काही बसवायचं, काही काढायचं. प्रत्यक्षात बसवायचं ते ड्रॉवरमध्ये पडून राहतं आणि काढायचं ते गाडीबरोबर घरी येतं. मग गिऱ्हाईक महिनाभर खड्ड्याखड्ड्यांवर आदळत बायकोला समजावतो, ‘नवी गाडी कडकच असते गं, पहिल्या सर्व्हिसिंगनंतर मऊ होईल.’ शेवटी पेट्रोलपंपावरचा हवावाला पोरगा मीटर लावतो आणि विचारतो, ‘काका, यात ट्रकची हवा कुणी भरली?’

पण ते असो. अँटेना नसली तर रेडिओ लागत नाही, हा काही फार मोठा तोटा नव्हे. मला बोलायचंय ते जॅकच्या हँडलबद्दल.

आमच्या मेहुण्यांनी दसऱ्याला गाडी घेतली. सोसायटीच्या फाटकाशी आरती झाली, चारी चाकांखाली लिंबं झाली, आणि मग मेहुण्यांनी डिकी उघडून खालचं फळकूट उचललं. आत स्टेपनी होती. स्टेपनीच्या पोटात करड्या थर्माकोलचा एक साचा होता, आणि त्यात प्रत्येक वस्तूसाठी तिच्या आकाराचा खळगा कोरलेला. जॅकच्या खळग्यात जॅक. पान्याच्या खळग्यात पाना. गाडी ओढायच्या हुकाच्या खळग्यात हूक, वर प्लॅस्टिकची पिशवी. आणि त्यांच्या शेजारी एक लांब, अरुंद, टोकाला किंचित वळलेला खळगा रिकामा. मेहुण्यांनी त्यात बोट घालून पाहिलं. मग माझं बोट घालून घेतलं. रिकामाच होता.

ज्यांनी कधी भर रस्त्यात चाक बदललेलं नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. या जॅकच्या मधून एक लांब आट्यांचा स्क्रू जातो आणि स्क्रूच्या टोकाला एक डोळा असतो. हँडलचं आकडं त्यात अडकवून गरागरा फिरवलं की जॅक वर चढतो, गाडी उचलते. हँडल नसेल तरी जॅक बोटांनी फिरतोच. वजन येईपर्यंत छान फिरतो, वजन आलं की जागच्या जागी बसतो. याबाबतीत तो आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा आहे.

मेहुण्यांनी शोरूमला फोन लावला.

‘सर, जॅक आहे ना?’

‘आहे.’

‘मग झालं ना सर!’

‘हँडल नाही.’

‘हँडल येतंय सर.’

मेहुणे निवांत झाले. मी झालो नाही. कुठून येतंय? गाडी कारखान्यातून एका ट्रेलरवर आली, तेव्हा हँडल मागे का राहिलं? की त्याच्यासाठी वेगळा ट्रेलर केलाय? डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. बावीस चाकी ट्रेलर, त्यावर मधोमध चार पट्ट्यांनी आवळलेलं एक हँडल, पुढे लाल फडकं. टोलनाक्यावर फास्टॅगमधून पूर्ण ट्रेलरचे पैसे कापले जातायत. खंबाटकी चढताना ड्रायव्हर पहिला गिअर टाकतोय, क्लीनर खाली उतरून चाकाला दगड लावतोय. एखाद्या ढाब्यावर दोघं रात्रभर गाडीत झोपतायत, कारण माल जोखमीचा आहे. सकाळी डिझेल, चहा, पुन्हा प्रवास. शोरूमच्या दारात ट्रेलर लागला की सेल्स मॅनेजर स्वतः बाहेर येणार, हँडलवर लाल सॅटिनचा कपडा घालणार, पाडव्याचा मुहूर्त काढणार, केक मागवणार, मेहुण्यांना सहकुटुंब बोलावणार, कागदी फटाका फोडून कपडा ओढणार. आणि मेहुणे ते हँडल घरी आणून खळग्यात ठेवायला जातील तेव्हा कळेल की ते दुसऱ्याच मॉडेलचं आहे.

तसं काही झालं नाही. पाडवा आला आणि गेला. मेहुणे शेवटी स्पेअर पार्टच्या काउंटरवर गेले. तिथल्या गृहस्थांनी कॉम्प्युटर बघून सांगितलं, हँडल सुटं मिळत नाही, जॅकचा पूर्ण सेट घ्यावा लागतो. मेहुण्यांनी विचारलं, ‘त्या सेटमध्ये हँडल असतं ना?’ गृहस्थ म्हणाले, ‘स्टॉक आल्यावर बघून सांगतो.’

आता कुणी म्हणेल, ताब्यात घेतानाच बघायला काय झालं होतं? कसं बघणार? गाडी कपड्याखाली होती! त्या लाल सॅटिनच्या कपड्यामागे केवढं डोकं चाललंय, याचा विचार करा. मुहूर्त साडेसहाचा, उजेड पिवळा, स्पीकरवर सनई, हातात पुठ्ठ्याची तीन फुटी किल्ली, समोर कॅमेरा, बाजूला मुलांचं केककडे लक्ष, आईंना घाई, मागे पुढच्या मुहूर्ताचं कुटुंब येऊन उभं. या सगळ्याच्या आधी, आतल्या टेबलावर, कपडा निघण्यापूर्वी तुम्ही एका कागदावर सही केलेली असते : ‘वाहन व सर्व साहित्य सुस्थितीत व संपूर्ण मिळाले.’ मग कपडा ओढतात, टाळ्या वाजतात, आणि त्या टाळ्यांमध्ये डिकी उघडून थर्माकोलच्या खळग्यात बोट घालण्याची हिंमत ज्याच्यात असेल त्याने पुढे व्हावं. आमच्याकडे लग्नात अक्षता पडत असताना कुणी हुंड्यातली भांडी मोजायला बसत नाही. (हुंडा घेऊ नये. पण मुद्दा कळला असेल.)

कायद्याचं म्हणाल, तर कायदा आहे. दुचाकी विकताना निर्मात्याने हेल्मेट द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १३८वा नियम सांगतो. शोरूममध्ये जाऊन ते मागून बघा. ‘हेल्मेट अॅक्सेसरीजमध्ये येतं सर,’ असं इतक्या गोड आवाजात सांगतात की आपणच काहीतरी अवाजवी मागितलं असं वाटून माणूस वरून हातमोजेही विकत घेतो. २०२० मध्ये या नियमांत एक बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत टायरची हवा दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल. यातला ‘स्टेपनी नसली तरी चालेल’ एवढाच भाग सेल्समनांना तोंडपाठ आहे. त्याआधीचे दोन ‘असेल’ येतायत.

आणि ग्राहक आयोग आहेच. तिथलं शुल्क वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं; पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. मेहुण्यांनी हिशेब मांडला की आपल्याला हवंय हँडल, शुल्क पडतंय आख्ख्या गाडीचं. तारखांना जायला रजा, पेट्रोल, झेरॉक्स वेगळे. शोरूमवाल्यांनीही हाच हिशेब मांडलेला असतो, फक्त आपल्या आधी.

इथपर्यंत मी हसत होतो. मग मेहुण्यांच्या गाडीची मागची काच पाहिली.

काचेवर विक्रेत्याचं स्टिकर होतं. फूटभर लांब, चांदीच्या अक्षरांत दुकानाचं नाव, खाली शाखा, खाली फोन नंबर. अगदी मधोमध, काडीचाही तिरपेपणा नाही, एक बुडबुडा नाही. नंबरप्लेटच्या खालच्या चौकटीवर पुन्हा तेच नाव. किल्लीच्या चामडी पट्ट्यावर तेच. पायाखालच्या कागदी मॅटवरही तेच. हे लावायला विसरलेली एक गाडी मला दाखवा! दसऱ्याला रांगेने गाड्या सुटत असतात, माणसं घामाघूम, अँटेना राहते, फ्यूज राहतो, हँडल राहतं. स्टिकर राहत नाही. म्हणजे हे लोक विसराळू नाहीत. गबाळेही नाहीत. त्यांच्याकडे नजर आहे, हात आहे, काम चोख करण्याची शिस्त आहे, आणि ती सगळी कुणासाठी राखून ठेवलीय हे काचेवर चांदीच्या अक्षरांत लिहिलंय. मी लाखो रुपये द्यायचे आणि वर त्याची पाटी पाठीवर घेऊन गावभर हिंडायचं, फुकट, आयुष्यभर! पालिका साध्या होर्डिंगचंही भाडं घेते. मला एकाही विक्रेत्याने आजवर ‘साहेब, लावू का?’ असं विचारलेलं नाही. काढायला जावं तर वरचा पापुद्रा निघतो आणि डिंक राहतो. ब्लेड, रॉकेल, खोबरेल तेल, काहीही लावा, सूर्य मागून आला की नाव पुन्हा वाचता येतं. ज्या पोराने हे चिकटवलं त्याच्या हाती जॅकचं हँडल दिलं असतं तर ते आज क्रेन लावूनही त्या खळग्यातून निघालं नसतं!

सरकारला हे बरोबर कळलंय, म्हणावं लागेल. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना विक्रेत्यानेच उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून द्यायची आहे, आणि ती अशा कुलपाने बसते की एकदा काढली तर तेच कुलूप पुन्हा लागत नाही. विक्रेत्याचा स्वभाव ओळखून केलेली ही देशातली बहुधा एकमेव रचना. हँडललाही तसंच कुलूप घाला. मग पंक्चर झाल्यावर ते काढता नाही आलं तरी चालेल. निदान आहे एवढं तरी कळेल.

बिलावर मात्र विसराळूपणा औषधालाही नाही. तिथे ‘हँडलिंग’ या नावाखाली काही हजार रुपये होते. (मेहुण्यांनी यावर केलेला विनोद तुम्ही मनातल्या मनात केला असेलच, म्हणून छापत नाही.) विमा त्यांच्याकडूनच घ्यायचा, बाहेर स्वस्त मिळत असला तरी, नाहीतर गाडीचा रंग अचानक ‘वेटिंगला’ जातो. काचेवरच्या फिल्मपासून तळाच्या कोटिंगपर्यंत ‘बेसिक पॅकेज’ घ्यायचं. आणि त्या पॅकेजच्या यादीत, मड फ्लॅपच्या खाली, ‘टूल किट’ असंही लिहिलं होतं. दर लावलेला होता.

यावरही मी गप्प बसलो असतो. पण मग तो फोन आला. त्याआधी सेल्समनचा आला : ‘सर, आता तुम्हाला वरून फीडबॅकचा कॉल येईल. दहापैकी दहा द्या सर. नऊ दिले तर आमच्याकडे शून्य धरतात.’ हा मुलगा जेमतेम तेवीस वर्षांचा. दसऱ्याच्या दिवशी त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, गिऱ्हाइकांचे उरलेले केक सोडून. त्याचा इन्सेन्टिव्ह माझ्या मेहुण्यांच्या तोंडून निघणाऱ्या आकड्यावर लटकलेला. हँडल ठेवायचं काम त्याचं नव्हतं, रेघ ओढणारा तो नव्हता, बिल लावणाराही तो नव्हता. पण नऊ पडले तर कापलं जाणार होतं त्याचंच. ज्याने कुणी ही पद्धत काढली त्याचा मला मनापासून राग आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडावर हात ठेवायला त्यांनी गिऱ्हाइकाच्याच पोराच्या वयाचं पोर उभं केलंय.

मेहुण्यांनी दहा दिले. फोनवरच्या बाईंनी विचारलं, ‘डिलिव्हरीच्या वेळी सर्व साहित्य मिळालं का सर?’ मेहुणे माझ्याकडे बघत म्हणाले, ‘हो. येतंय.’ बाईंनी नोंद केली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. ताडपत्रीवर पाने, पकडी, बेअरिंगं, कुणाचे कुणाचे आरसे मांडून एक म्हातारे चाचा बसले होते. मेहुण्यांनी गाडीचं मॉडेल सांगितलं. चाचांनी मागच्या पोत्यात न बघताच हात घातला आणि हँडल काढून दिलं. टोकाला तेच वळण, वर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर पार्ट नंबरची चिठ्ठी, सील न फोडलेलं. मेहुणे हरखून गेले. भाव न करता पैसे देऊ लागले, तर चाचा पोतं पुढे ओढत म्हणाले,

‘एकच? शोरूमवाले डझनाने नेतात.’