वेड, लग्न आणि पासपोर्ट

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण आपण आजवर आपलीच समजत होतो. अमेरिकेने ती कार्यालयीन पातळीवर राबवून दाखवली.

तिथे 'असामान्य गुणवत्ता' या सदराखाली ग्रीन कार्ड मागता येतं. दहा प्रकारच्या पुराव्यांपैकी किमान तीन जोडायचे, नाहीतर एखादाच दणदणीत पराक्रम दाखवायचा. पराक्रम म्हणजे काय, याचा नमुना सरकारी खात्यानेच दिला आहे: ऑलिम्पिक पदक, ऑस्कर किंवा पुलित्झर. उत्तम! आता पुलित्झरकडे जा. कथा, कविता, आत्मकथन घेऊन आलात? आधी अमेरिकन नागरिक होऊन या. (पत्रकारांना ही अट नव्हती. बातमीला पासपोर्ट लागत नसावा, कवितेला लागत असावा.) ज्यांच्या पैशातून हा पुरस्कार १९१७ पासून दिला जातो ते जोसेफ पुलित्झर स्वतः हंगेरीत जन्मलेले, तरुणपणी बोटीने अमेरिकेत उतरलेले. घरमालकालाच वॉचमनने फाटकावर अडवावं, तसला प्रकार.

हा पेच चव्हाट्यावर आणला हावियेर झामोरा या लेखकाने. मूळचा एल साल्वादोरचा. १९९९ साली, नऊ वर्षांचा असताना, आईवडिलांकडे अमेरिकेत जायला निघाला. सोबतीला दलाल आणि अनोळखी माणसं. दोन आठवड्यांचा म्हणून सांगितलेला प्रवास नऊ आठवडे चालला. त्यावरचं 'सोलितो' हे त्याचं पुस्तक २०२२ मध्ये आलं, गाजलं, आणि पुलित्झरच्या दाराशी थांबलं. सीमा ओलांडण्याची गोष्ट सीमेवरच अडकली म्हणा ना. २०२३ च्या जुलैत त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला, पाठोपाठ शेकडो लेखकांनी पत्रावर सह्या केल्या आणि सप्टेंबरात पुलित्झर मंडळाने अट बदलली. २०२५ च्या पुरस्कारांपासून कायम रहिवासी चालतात आणि ज्यांनी अमेरिकेलाच दीर्घकाळचं मुख्य घर केलंय, तेही चालतात.

आता यावर आपल्याकडचा ठरलेला प्रश्न: मग चांगल्या लेखकासाठी नियम थोडे वाकवायला काय हरकत आहे?

हरकत आहे, मोठी आहे. नियम वाकवणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. फायलीवर 'खास बाब म्हणून' असा शेरा पडतो आणि खास बाब कोणाची, हे शिपायालासुद्धा ठाऊक असतं. वाकवलेल्या नियमातून नेहमी ओळखीचाच माणूस आत जातो. पुलित्झरवाल्यांनी झामोरापुरती खास बाब केली नाही, नियमच नवा लिहिला. कौतुक करायचं तर याचं.

बरं, फाटक सताड उघडून टाकावं म्हणाल, तर तेही महागात पडतं. बुकर पूर्वी राष्ट्रकुल आणि इतर एकदोन देशांपुरतं होतं. २०१४ पासून इंग्रजीत लिहिणाऱ्या सगळ्यांना प्रवेश मिळाला आणि २०१६ व २०१७, लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लेखकांनी ते नेलं. पंगतीत पैलवान बसला की शेवटच्या पानापर्यंत जिलबी पोचत नाही.

मग अट असावी तरी कसली? साधं आहे. पुरस्कार ज्याच्या नावाने, तेवढंच तपासा. देशातल्या जगण्याचा असेल तर घर कुठे आहे ते विचारा. भाषेचा असेल तर भाषा बघा. पासपोर्ट बघायला विमानतळावर माणसं नेमलेली आहेत.

आपला हिशोब काय सांगतो? साहित्य अकादमी पुरस्कार देते भाषावार, पण लेखक मात्र भारतीय नागरिक हवा. ज्ञानपीठाचंही तेच. कुर्रतुलऐन हैदर फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या, तिथे 'आग का दरिया' लिहिली, मग भारतात परतल्या. त्यांना १९६७ मध्ये अकादमी मिळाली, १९८९ चं ज्ञानपीठही मिळालं. परतल्या नसत्या तर उर्दू तीच, बाई त्याच, पुरस्कार मात्र शून्य. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. गोव्यात राहून त्यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. आजच्या नियमात पहिल्याच छाननीत बाद. उलट अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या पैशातून महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार १९९४ पासून इथल्या लेखकांना मिळताहेत. त्यांचे डॉलर मराठी आहेत. त्यांच्या ओव्यांचं अजून ठरायचंय.

मागे एका वाचनालयाच्या पुरस्कार समितीवर मी होतो. 'नागरिकत्वाचा पुरावा: आधारची झेरॉक्स', असं प्रवेशिकेतच छापलेलं. न्यू जर्सीच्या एका काकूंचा कवितासंग्रह आला होता. पुण्यात छापलेला, चार प्रती, दोन फोटो, सगळं शिस्तीत. फक्त झेरॉक्स नव्हती. "बाद," कार्यवाह म्हणाले. मी म्हटलं, "अहो, आधार नागरिकत्वाचा पुरावाच नाही. ते रहिवाशांना मिळतं, परदेशी माणसालासुद्धा." ते म्हणाले, "मग काकूंकडे तेवढंही नाही ना?" आणि प्रती टेबलाखालच्या खोक्यात गेल्या.

खोक्यात जाण्यापूर्वी मी एक प्रत चाळली होती. एका कवितेत बाई दारातला बर्फ फावड्याने ओढतात आणि त्यांना अंगणातला सडा आठवतो. पहिलं बक्षीस मिळालेल्या संग्रहाच्या नावात तीन शब्द होते, त्यांतले दोन इंग्रजी. झेरॉक्स मात्र स्वच्छ, दोन्ही बाजूंची, स्वसाक्षांकित.