उजेडाची पंगत

भाच्याच्या मुंजीचे फोटो मी काढणार, हे मीच परस्पर जाहीर करून टाकलं होतं. ताईने तीनदा विचारलं, "नक्की ना रे? की सांगू कुणाला तरी?" पण माझ्याकडे नुकतीच फ्लॅशगन आली होती, आणि घरात नवी वस्तू आली की माणसाला ताबडतोब समाजसेवा सुचते.

मुंजीनंतर आठ दिवसांनी ताई लॅपटॉपसमोर बसली. पहिल्या फोटोत बटू आणि भावजी तळघरात उभे असल्यासारखे दिसत होते. दुसऱ्यात थोडं झुंजुमुंजू झालं होतं. तिसऱ्यात सगळे जण पिठाच्या गिरणीतून थेट मांडवात आले होते.

"हे एकाच दिवसाचे आहेत?" ताईने विचारलं.

एकाच दिवसाचे काय, एकाच मिनिटाचे होते. 'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, आणि काळा कोट घातलेला आमचा मामा पुढे घुसला. एवढ्यात हे तीन फोटो.

खापर मी टीटीएलवर फोडलं. टीटीएल म्हणजे फ्लॅशने स्वतःच्या अकलेने चालायची सोय. खरा लखलखाट करण्याआधी फ्लॅश एक बारीकशी चमक सोडतो. ती समोरून आपटून लेन्समधून आत आली की कॅमेरा ती मोजतो आणि खरा उजेड किती सोडायचा ते ठरवतो. सगळं पापणी लवायच्या आत. धाकट्या मावशीची पापणी मात्र त्याच्याही आत लवते. ती पहिल्या चमकेलाच डोळे मिटते, त्यामुळे अख्ख्या मुंजीत ती समाधिस्थ आहे.

आता या कॅमेऱ्याची जगाविषयी एक ठाम समजूत असते: समोरचं सगळं सरासरीने करडं आहे. पडणाऱ्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवणारं करडं. पण मुंजीत करडं असतं काय? समोर पांढराशुभ्र अंतरपाट आला, कॅमेरा म्हणाला, "बाप रे, केवढा हा उजेड!" आणि त्याने हात आखडला. अंतरपाट गेला तर मागून भाच्याचा नुकताच केलेला गोटा चमकला. कॅमेरा अजून साशंकच. मग मामाचा काळा कोट आला. "अरेरे, काय हा अंधार!" म्हणत कॅमेऱ्याने पिंपच उपडं केलं. उपाय असतो. पांढऱ्यासमोर फ्लॅश अधिक एकवर न्यायचा, काळ्यासमोर उणे एकवर आणायचा. पण समोर कोण येणार हे आधी कळायला हवं, आणि आमचा मामा कळवून कधीच येत नाही.

थोडक्यात, टीटीएल म्हणजे समोर जो बसेल त्याच्या होत हो मिसळणारा नातेवाईक. माणूस लाख चांगला, पण एका शब्दावर राहील तर शपथ.

सगळा दोष त्याचाही नव्हता. मातृभोजनाला अष्टवर्गाची आठ मुलं ओळीने जेवायला बसली होती. मी पंगतीच्या एका टोकाला बसून फ्लॅश मारला. पहिला मुलगा पांढराफटक, तिसरा-चौथा गव्हाळ, आणि आठव्याच्या जागी नुसतं ताट. फ्लॅशचा उजेड म्हणजे अडाणी वाढपी. पहिल्या पानावर बदाबदा श्रीखंड ओततो आणि शेवटच्या पानाला पातेलं दाखवतो. बरं, हे वाढणंही साध्या हिशोबाने कमी होत नाही. एक मीटरवरच्या पोराला एक वाटी मिळाली, तर दोन मीटरवरच्याला पाव वाटी आणि चार मीटरवरच्याला सोळावा हिस्सा. आठव्याची आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. पंगतीसमोर मधोमध, थोडं लांब उभं राहिलो असतो तर निदान वाटण्या बऱ्या झाल्या असत्या.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून फ्लॅशचं तोंड छताकडे केलं. उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो, हे खरं. पण हॉलचं छत पिस्ता रंगाचं होतं. भिक्षावळ घालणाऱ्या सगळ्या आत्या हिरव्या पडल्या. शिवाय उंच छतापर्यंत जाऊन यायचं म्हणजे फ्लॅशची दमछाक. दर फोटोला पूर्ण ताकद खर्च होई, आणि आतले चार पेन्सिल सेल, त्यातले दोन भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले, 'चुंईऽऽ' असा सूर लावून पुन्हा दम भरेपर्यंत मुहूर्त टळून जाई. तयारीचा दिवा लागायच्या आत बटण दाबलं की पुढचा फोटो उपाशी.

ताई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या मुंजीचा १९८४ सालचा अल्बम काढून समोर ठेवला. ४० फोटो, गावातल्या स्टुडिओवाल्या काकांनी काढलेले. गोटा, पैठणी, धोतर, कोट, सगळं एकसारखं उजळ. मी मात्र प्रत्येक फोटोत घाबरलेला, तोही एकसारखाच.

मी त्या काकांना गाठलं. ते आता थकलेत, पण हिशोब तोंडपाठ आहे. म्हणाले, "माझा फ्लॅश चोवीस नंबरचा. तीन मीटरवर उभं राहायचं, चोवीस भागिले तीन, एफ आठ. शंभरची फिल्म. संपलं."

"पण समोर काळा कोट आला तर?"

"मग फोटोत काळा कोट येईल! फ्लॅशला मत कशाला विचारायचं?"

घरी येऊन ओट्यावर प्रयोग मांडला. आधी चकचकीत कुकर, मग त्याच जागी काळा तवा. टीटीएलवर कुकरमागची फरशी अंधारली, तव्यामागची पांढरी पडली. मग फ्लॅश मॅन्युअलवर टाकला. माझा ४० नंबरचा. ताकद सोळाव्या हिश्श्यावर आणली की नंबर १० उरतो, आयएसओ ४०० केला की २० होतो. एफ ५.६ ला तो साडेतीन मीटर पुरतो. ओट्यापासून तेवढं मागे जायचं म्हणजे पाठ बाहेरच्या खोलीत जाते, पण गेलो. कुकर कुकरासारखा, तवा तव्यासारखा, आणि फरशी दोन्हीकडे तीच. सेलही दमेनात. बायको म्हणाली, "आता पोळ्या करू, की त्यांचेही काढायचेत?"

एकच अट होती: अंतर बदलायचं नाही. समोरचा एक पाऊल पुढे आला की पांढरा, मागे गेला की काळा. त्यामुळे पुढच्या महिन्यात चुलतभावाच्या मुलीच्या बारशाला मी पाळण्यापासून पावलं मोजली आणि जमिनीवर खडूने रेघ मारली. "आत्या, रेघेच्या मागे! मामा, कोट चालेल, पण हलू नका! कोण पुढे सरकलं?" आपला आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, आणि त्या अल्बममध्ये मी का घाबरलो होतो ते एकदम आठवलं. काका मुंजभर असेच ओरडत होते. ते खेकसणं नव्हतं, भागाकार होता.

बारशाचे फोटो ताईने पाहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत उजेडात तसूभर फरक नाही. कडेवरची तीन पोरं सगळ्या फोटोंत भोकाड पसरून रडतायत. सगळीकडे अगदी एकसारखी.