शेजारच्या ब्रूनोची पंगत

अहो वहिनी, ती कपड्यांची बादली ठेवा खाली आणि या इकडे. भिंतीला टेकू नका, कालच रंग दिलाय. कोपऱ्यावरच्या बंगल्यातली बातमी कळली का? ज्या घरात कधी अंडंसुद्धा शिरलं नाही, त्या घराच्या गॅरेजमध्ये डीप फ्रीझर येऊन बसलाय. कशाला? त्यांच्या कुत्र्याचं, ब्रूनोचं, कच्चं चिकन ठेवायला! त्या घरच्या आजी तेव्हापासून गॅरेजच्या बाजूला फिरकत नाहीत. तुळशीला पाणी घालायचं झालं तरी मागच्या दारानं वळसा.

धाकटी सून मेलबर्नला होती ना, तिकडून आणलंय हे. बिलिंगहर्स्ट म्हणून ऑस्ट्रेलियातलाच एक जनावरांचा डॉक्टर, त्यानं १९९३ साली पुस्तक लिहिलं. पाकिटातलं कोरडं खाणं बंद करा, कुत्र्याला कच्चं मांस आणि हाडं द्या, असं म्हणणं त्याचं. सून म्हणते, कुत्रा मुळात लांडगाच. मी म्हटलं, अगं, आपला हा ब्रूनो पेपरवाल्याला घाबरतो! पण नुसतं माझंच म्हणणं नाही हो. २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय की माणसाजवळ राहून कुत्र्याला भात-भाकरी पचवायची ताकद आली, लांडग्याहून कितीतरी जास्त. म्हणजे दोन घास भात खाल्ला म्हणून त्याचं काही बिघडत नाही.

पोरगी आहे मात्र नेटकी, तेवढं मानायला हवं. आपल्यासारखं मूठ-चिमटीचं काम नाही. केकसाठी घेतलेला डिजिटल काटा आता ब्रूनोच्या नावावर झालाय. मोठ्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के खाणं, असा कच्चं घालणाऱ्यांचा हिशोब. ब्रूनो ३० किलोचा, म्हणजे ६०० ते ९०० ग्रॅम. त्यातही शंभरातले ८० भाग मांस, १० भाग हाड, १० भाग आतले अवयव, आणि या शेवटच्या दहात कलेजी निम्मीच. कलेजी जास्त झाली तर पातळ होतं. शिवाय अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं, ते वेगळंच. आणि हाड जास्त झालं तर? परवा अंगणात मला दाखवलंन तिनं, काठीनं ढकलून. पांढरीफटक शी, खडूसारखी, पायाखाली आली तर भुगा होईल अशी. म्हणाली, काकू, आज पायाचे तुकडे जास्त झाले, उद्या कमी करते. मी नाकाला पदर लावला, पण मनात म्हटलं, शाब्बास!

नाहीतर ते पलीकडच्या गल्लीतले भाऊसाहेब. त्यांनी ऐकलं अर्धंच. अल्सेशियनचं पिल्लू आणलं आणि रोज नुसतं बोनलेस. महागाचं म्हणजे चांगलं, हा त्यांचा हिशोब. पिल्लू पाय फाकवून चालायला लागलं. अहो, नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. मोठ्या जातीच्या पिल्लाला तर हे मोजूनमापून द्यावं लागतं. पिल्लू लहान असेपर्यंत कच्च्याच्या वाटेला न गेलेलंच बरं, असं माझं स्पष्ट मत. राग आला तर येऊ दे भाऊसाहेबांना.

आणि हाड म्हणजे कच्चंच, बरं का. तुमच्याकडे रविवारी मटण झालं की ताटातली हाडं वाटेवरच्या कुत्र्यांना टाकता ना? नका टाकू. शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. वर कांदा, लसूण, मीठ. कांदा-लसणानं कुत्र्यामांजराचं रक्त कमी होतं. मायेनं टाकता हो, पण त्यांना ते बाधतं.

सुनेनं सुरुवात कशी केली विचारता? हळूहळू. आठ-दहा दिवस जुनं कमी, नवं थोडं जास्त. आधी फक्त चिकन, ते सोसलं की मग दुसरं. स्टीलचं भांडं वेगळं, सुरी वेगळी, चिरायची फळी वेगळी. डीप फ्रीझरमधलं मांस ओट्यावर नाही काढून ठेवायचं, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवायचं. ब्रूनोनं अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलायचं. मग भांडं साबणानं, गरम पाण्यानं.

एवढं सगळं ती करते, पण वहिनी, माझा जीव अडकलाय तो तिच्या रांगत्या पोरात. कच्च्या मांसात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि गोठवून तो मरत नाही. कुत्र्याला बहुतेकदा काही होत नाही, तो धडधाकट हिंडतो. पण शीतून, जिभेवरून सगळीकडे पसरवतो, आणि ते बाळ दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेलं! घरात बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमोचा पेशंट असेल तर कच्चं नकोच. अमेरिकेतल्या जनावरांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१२ मध्येच कच्च्याविरुद्ध सल्ला दिलाय. बोलले मी तिला तसं. बघू म्हणाली. ‘बघू’ म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

खाटकाकडून फुकटात मिळतं म्हणून शेळी-मेंढीचं कच्चं काळीज, फुफ्फुसं आणतात काहीजण. ते तर अजिबात नको. त्यात कधीकधी पाण्याच्या गाठी असतात. त्या कुत्र्यानं खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक जंत होतात, त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात. ती आपल्या हातातोंडातून पोटात गेली की तशीच गाठ आपल्या यकृतात. पोट उघडून काढावी लागते काहींची. काळीज द्यायचंच तर चांगलं शिजवून.

आता तुमच्या मनीचं ऐका. दूध-भातावर मांजर जगत नाही हो. तिला मांस लागतंच. त्यातलं टॉरिन नाही मिळालं तर हृदय फुगून कमजोर होतं, हे १९८७ सालीच कळलंय. पण म्हणून उद्या कच्चं चिकन पुढ्यात ठेवू नका. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात अमेरिकेत गोठवलेल्या कच्च्या खाण्यातून घरातल्या मांजराला तोच रोग झाला. वाघ काय, मनी काय, एकाच घराण्यातले.

मनीला चिकन उकडून द्या, बिनमिठाचं, हाडं काढून, आणि उकडलेलं पाणीही त्यातच घाला, टॉरिन त्यात उतरतं. पण रोजचं जेवण तेवढ्यावर भागत नाही. कॅल्शियम आणि टॉरिन वरून किती घालायचं ते डॉक्टरांना विचारा. तेवढी खटपट नको असेल तर मांजराचं पाकीट आणा, त्यात काही कमीपणा नाही. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा जंताच्या गोळीची तारीखही लिहून आणा, गेल्या वेळी विसरला होतात.